व्हर्लाने उन्हात पारखलेला लॅपटॉप

माझी नणंद व्हर्ला बावीस वर्षं गारपिटीचं नुकसान मोजते. विमा कंपनीसाठी कॅन्ससभर फिरायचं, गव्हात शिरून मोडलेल्या काड्या मोजायच्या आणि पिकअपच्या मागच्या फळीवर लॅपटॉप ठेवून तिथंच आकडे भरायचे. मग शेतकऱ्याशी गप्पांत रंगायचं. गेल्या जूनमध्ये अशीच बोलता बोलता गाडीत बसली नि निघाली, लॅपटॉप मागे फळीवरच. तो दोन मैलांवर सापडला, दोन तुकड्यांत. तीन शेतांची मोजणी गेली. ऑफिसने बजावलं, "पुन्हा असं झालं तर तुझा भाग दुसऱ्याकडे."

सोमवारी सकाळची प्रार्थना आटोपून आम्ही नवा लॅपटॉप घ्यायला विचिटा शहरात गेलो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ही काय बघून निवडते याचं भारी कुतूहल होतं.

दुकानदार डॅरलने पातळसा, चकचकीत लॅपटॉप पुढे केला. व्हर्लाने शेतातले हातमोजे चढवले आणि टाइप करू लागली.

"बाई, थंडी वाजते?"

"एप्रिलच्या वाऱ्यात गव्हात उभा राहा, मग विचार."

एका कोपऱ्याला धरून उचलला, तो कुरकुरला. नापास. दुसरा घेऊन ती तडक बाहेर उन्हात. डॅरल मागे धावला.

"अहो, कुठं निघालात?"

"पळायचं वय राहिलंय का माझं? पडदा दिसतो का बघतेय." पडद्यात तिला फक्त स्वतःची हनुवटी दिसली.

तिसरा वापरलेला, जाडजूड, वर धरायला मूठ. उन्हात अक्षरं स्वच्छ.

"वीटच आहे ही," मी म्हटलं.

"वीट कधी बिघडलेली पाहिलीस, वहिनी?"

"चार फुटांवरून पडला तरी टिकेल," डॅरल म्हणाला.

"आणि धावत्या गाडीतून?" मी विचारलं. व्हर्लाने पाकीट काढलं.

घेतला तोच. घरी मी त्याच्या पोटाला नावाची चिकटपट्टी लावली, चर्चच्या जेवणाला नेतो त्या भांड्यांना लावतो तशी. व्हर्ला हसली, "आता यात बटाटे भरून आणू का?" मग मी मुठीला एक कडी बांधली आणि तिला सांगितलं, "गाडीतून उतरलीस की किल्ली हिच्यात अडकव."

आज ती यंदाच्या पहिल्या गारपिटीवर गेली होती. दुपारी फोन आला.

"वहिनी, गाडीत बसले, तर किल्लीच नाही! खिसे चाचपले, सीटखाली पाहिलं. शेतकरीबुवा हसत उभे."

"मग?"

"मग काय, मागे फळीवर. किल्ली आणि वीट, दोघी माझी वाट बघत बसलेल्या."

मी प्रभूचे आभार मानले आणि तोवर टेबलावरच ठेवलेलं चिकटपट्टीचं रीळ जागच्या जागी ठेवलं.