हिरव्या शाईची ओळ

शुक्रवार पेठेत लेकीसाठी वह्या घेताना दुकानदारानं हिरव्या शाईचं पेन कागदावर चालवून दाखवलं, आणि मला कित्येक वर्षांपूर्वीची एक फाईल आठवली. तेव्हा मी सरकारी कचेरीत नवी लिपिक होते, आणि सांगोल्याच्या पाण्याच्या टँकरची ती फाईल माझ्याकडं होती. गावात न जाताच मी गेल्या वर्षीच्या टिपणीवरून 'प्रत्यक्ष पाहणी केली, खेपा बरोबर आहेत' असं उतरवलं आणि सही करून फाईल मोठ्या साहेबांकडं पाठवली. सगळेच तसं करायचे. दोन दिवसांनी भर दुपारी शिपाईमामा धापा टाकत आले, "मॅडम, मोठ्या सायबांनी राजीनामा दिला की!" पंख्याखाली कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं आजारपण, कुणी म्हणालं मंत्र्यांशी वाजलं. हेडक्लार्क माझ्याकडं बघत म्हणाले, "टँकरचीच फाईल नडली म्हणं. आता चौकशी लागणार बगा." संध्याकाळी फाईल परत आली, पण उघडायचा धीर होईना. उघडली तेव्हा माझ्या सहीखाली साहेबांची हिरवी ओळ होती : 'ही टिपणी लिपिकाने माझ्या तोंडी आदेशावरून लिहिली.' असा आदेश त्यांनी मला कधीच दिला नव्हता. साहेब का गेले, यावर कचेरीत आजही तर्क चालतात, आणि मला कुणी विचारलं की मी आवक-जावकच्या वहीत मान घालते. दुकानदाराला म्हटलं, "निळंच द्या."