हातात घ्या

"हातात घ्या!" दारासमोर सायकल कमरेला टेकवून त्या हाक मारायच्या. दाराखालून टपाल सरकवणं त्यांना कधी पटलं नाही. घरातलं माणूस बाहेर येईपर्यंत उभ्या राहायच्या.

वडीगोद्रीला पोस्टासमोर माझं शिलाईचं दुकान. आमच्या टपालवाल्या बाईंना मी तिथूनच बघत आलो. आधी त्यांचे मालक टपाल वाटायचे. ते काविळीनं गेले तेव्हा पदरात लहान लेक. मालकांच्या जागेवर बाईंना नोकरी मिळणार होती. धाकटे दीर म्हणाले, "वैनी, तुम्ही माघार घ्या. नोकरी घरातल्या माणसाला जाऊ द्या."

"मंग मी कोण, भाऊजी?"

एवढंच बोलल्या. माघार घेतली नाही. दीर रुसले आणि बायकोला घेऊन शेतातल्या वस्तीवर राहायला गेले. सासरे मात्र सुनेपाशी राहिले.

वस्त्या लांब लांब, आणि बाईंना सायकल येत नव्हती. शाळेच्या मैदानात त्या शिकायला लागल्या. मागं कॅरिअर धरून म्हातारे सासरे धापा टाकत पळायचे. बाई रोज पडायच्या. पारावरची माणसं हसायची. मी म्हणालो, "अंधार असतानाच शिका की, कुणी बघणार नाही."

गुडघ्याची माती झटकत म्हणाल्या, "हसू द्या. उद्या ह्यांचंच टपाल न्यायचंय मला."

दिरांची वस्तीही त्यांच्याच वाटेवर होती. कित्येक वर्षं अबोला. टपाल आलं की दीर बायकोला बाहेर पाठवायचे. एकदा त्यांचं बँकेचं कार्ड आलं, ते ज्याचं त्यालाच द्यायचं. त्या दुपारी मी तिथंच होतो, त्यांच्या पोरीच्या लग्नाच्या कपड्यांची मापं घेत.

"हातात घ्या!"

दीर उठेनात. जाऊबाई आतबाहेर करून थकल्या. बाई लिंबाखाली बसून राहिल्या. शेवटी दीर बाहेर आले आणि न बोलता हात पुढं केला.

"ओळखपत्र दाखवा."

"वैनी, मला वळखत न्हाई का?"

"घरी वळखते. ड्यूटीवर न्हाई."

दीर असे हसत सुटले, की जाऊबाईही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. ओळखपत्र आलं, सही झाली. बाईंनी पिशवी बंद केली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "ड्यूटी झाली. आता सांगा, भाऊजी, आप्पांना भेटायला कधी येताय? रोज इचारतेत."

दीर त्याच संध्याकाळी आले. बापाचे पाय दाबत बसले. पुढं सासरे गेले, तेव्हा त्यांच्या उशाला बाई आणि दीर दोघंही होते.

बाई निवृत्त झाल्या आणि राजूरला लेकीकडं राहायला निघाल्या. टेम्पोत सामान भरायला दीरच होते.

"आता आराम?" मी विचारलं.

"आराम कशाचा? नातीला पवायला शिकवायचंय. जावयाच्या शेतात हीर हाय."

"तुम्हाला पोहायला येतं?"

"न्हाई. आधी मी शिकते."

टेम्पो गेला. पोस्टासमोर आता दुसऱ्याच कुणाची मोटारसायकल उभी असते.

परवा दीर दुकानात आले, खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "टेलरभाऊ, वैनी उतरल्या की हिरीत! पाठीला पवायचा डबा बांधून. आणि म्हणून राह्यल्या, पुढच्या आठवड्यात डबा सोडायचा."