सारंगखेड्याच्या बॅंडमागे आमची घोडी

आमची घोडी विकायला नेली त्या दिवशी घरात कोणाचंही डोकं ठिकाणावर नव्हतं. फक्त घोडीचं होतं.

साठ सालानंतरची गोष्ट. मी कोरीटला नवीनच नांदायला आले होते. दिवाळीनंतर आमचा एक बैल मेला. मोटेला जोडी लागते, एका बैलावर विहिरीतून पाणी निघत नाही, आणि मळ्यात गहू वीतभर उभा होता. सासऱ्यांनी ठरवलं, घोडी विकायची आणि त्या पैशात बैल घ्यायचा. घोडी त्यांनी आदल्या वर्षी एका दलालाकडून घेतली होती. पांढरी, देखणी आणि काडीच्या कामाची नाही. टांग्याला जुंपली की मोजून मापून पाऊल टाकायची आणि ज्याच्या दाराला तोरण दिसेल तिथे उभी राहायची. सासरे म्हणायचे, "देवभोळी शे." (हे आम्ही सगळ्यांनी मान्य केलं होतं. यावरून आमची हुशारी कळावी.)

सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्यांचा बाजार भरतो. शेजाऱ्याच्या गाडीमागे घोडी बांधून सासू-सासरे, नवरा आणि मी निघालो. मी हट्ट करून गेले. बैलाची काळजी मलाही होती, पण खरं म्हणजे मला बॅंड ऐकायचे होते. लग्नसराईच्या आधी बॅंडवाले जत्रेत यायचे. त्यांना कोणी बोलावलेलं नसायचं. आपापली कापडी पाटी बांधून मैदानात उभे राहायचे आणि फुकट वाजवायचे. ज्याचं वाजवणं आवडेल त्याला लोक लग्नाची सुपारी द्यायचे. त्या वर्षी चार बॅंड होते आणि चौघेही एकाच वेळी वेगवेगळं वाजवत होते. मला नंदुरबारच्या करीम मास्तरांचा आवडला. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पायात काही नाही, पण क्लॅरिनेट असं की बाकी तिघांचं ऐकूच येऊ नये.

त्या बॅंडशेजारी थांबून मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, घोडी आठेच बांधूत. सावली शे."

सावली नव्हती. तरी बांधली.

गिऱ्हाईक लवकर आलं. शहाद्याकडचा शेतकरी होता. म्हाताऱ्या बापाला शेतात जायला-यायला घोडी हवी होती. त्याने दात पाहिले, खूर पाहिले.

"गरीब शे ना? मन्हा बाप ऐंशीले टेकेल शे."

"गरीब?" सासरे म्हणाले. "मन्ही सून बठाडी दाखाडू का?"

"बाईमाणूस घोडावर?" सासूबाई म्हणाल्या.

"तठे गहू वाळी ऱ्हायना नि तुले लाज सुची ऱ्हायनी."

मला कोणी विचारलं नाही. नवऱ्याने उचललं आणि वर ठेवलं. मी पदर नाकापर्यंत ओढला, त्यामुळे मला घोडीचे दोन कान तेवढे दिसत होते.

"दखा," सासरे म्हणाले, "दगडसारखी उभी शे."

तेवढ्यात करीम मास्तरांनी वरातीची चाल धरली.

घोडीने कान टवकारले, मान बाकदार केली आणि चालू लागली. तिचा दोर नवऱ्याच्या हातात असायला हवा होता. त्यांच्या हातात माझ्या चपला होत्या. घोडी गर्दीतून वाट काढत थेट बॅंडच्या मागे जाऊन उभी राहिली, नवरदेवाची घोडी उभी राहते तिथे, आणि जागच्या जागी नाचू लागली. ती देवभोळी वगैरे नव्हती. तिचा सगळा जन्म वरातीत गेला होता.

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. थांबतील असं मला वाटलं. पण बाकीच्या तिन्ही बॅंडांपुढची माणसं आमच्याकडे पळत येत होती. मास्तरांनी ढोलवाल्याला खूण केली आणि बॅंड चालायलाच लागला. मागे घोडी, घोडीवर मी, मागे जत्रा. पोरं नाचू लागली. कुठल्या तरी बायांनी लग्नाची गाणी धरली.

"कोनं लगीन शे व?" एक म्हातारी विचारत होती.

"काय माहीत. नवरी एकलीच शे."

"मंग नवरदेव कोठे शे?"

"तो दख, मांगे हातमा चपला धरी पळी ऱ्हायना."

जिलबीच्या दुकानाला झेंडूचं तोरण होतं. घोडी तिथे थांबली ती हलेना. मी लाथा मारल्या, मास्तरांनी चाल बदलली, नवऱ्याने ढकलून पाहिलं. शेवटी दुकानदाराची बायको आतून दिवा घेऊन आली, तिने मला ओवाळलं आणि घोडीला जिलबी चारली. मग घोडी चालायला लागली. तिचं चुकत नव्हतं, रीत तशीच असते.

आम्ही फिरून जागेवर आलो तेव्हा गिऱ्हाईक पटका बांधून निघालं होतं.

"थांब ना भो," सासरे म्हणाले.

"मन्हा बाप शेतमा जाई का वरातमा?" तो म्हणाला आणि गेला.

सासरे मातीतच बसले. मळ्यातला गहू सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे वाळत होता. दुसरं गिऱ्हाईक येणं शक्य नव्हतं. सगळ्या बाजाराने घोडीचा नाच पाहिला होता. सासूबाईंनी मला विचारलं, "कोठे शे सावली?" मी पदर आणखी खाली ओढला.

तेवढ्यात करीम मास्तर घाम पुसत आले.

"काका, घोडी माले द्या. मन्ही घोडी मरी गयी, घोडीबिगर सुपारी कोन दी? बैल यी इतला पैसा देस. पन जत्रा उठस तोवर वर नवरदेव बठेल पायजे. वर कोनी बठेल व्हतं म्हनीसनच लोके जमनात."

सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याला पुढे ढकललं. "हाऊ घ्या. घरना शे."

मास्तरांनी त्यांना खालून वर पाहिलं. फेटा बांधून पाहिला. चार पावलं मागे जाऊन पाहिलं. मग फार अदबीने म्हणाले, "वाईट वाटू देऊ नका, पन हाऊ नवरदेव दिसत नही."

हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं.

मग मास्तर माझ्याकडे वळले. "फेटा नि बाशिंग बांधं तर बाई शे का माणूस, कोनले कळी?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या तरी नाही म्हणतील असं वाटलं. त्यांनी क्षणभर विचार केला.

"बैल जवान पायजे," त्या म्हणाल्या.

जत्रा उठेपर्यंत रोज दुपारी मी नवऱ्याचा सदरा, फेटा आणि बाशिंग घालून त्या घोडीवर बसले. नवरा दोर धरून पुढे चालायचा. बैल चांगला निघाला. मोट सुरू झाली, गहू वाचला, आणि त्या लग्नसराईत मास्तरांना श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही.

शेवटच्या दिवशी प्रकाशा गावाकडच्या एका गृहस्थांनी सासऱ्यांना बाजूला घेतलं. घोडीवरचा मुलगा त्यांना पसंत होता, त्यांच्या घरी लग्नाची मुलगी होती. माझ्यासाठी नवरा शोधताना माझ्या बापाच्या चपला झिजल्या. नवरदेव म्हणून बसले, तर बसल्या जागी स्थळ आलं.