दोन मिनिटांचा मिस्त्री

त्याला सगळे 'दोन मिनिटं' म्हणायचे. शेडवर गाडी आली की हा मीटरच्या दोन तारा बॅटरीला टेकवायचा, "दोन मिनिटं" म्हणायचा आणि खरंच दोन मिनिटांत सांगायचा काय बिघडलंय ते. तीस वर्षं हेच. बहुतेक वेळा बरोबरही निघायचं. बायको म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हाही दोनच मिनिटं बसलात, आता भोगा!" आणि तो हसायचा, कारण त्याला त्या नावाचा माज होता. खोटं कशाला बोला.

त्या सकाळी मावशी आल्या. सत्तरीच्या, बारीक, आणि चालवतात केवढी व्हॅन! मागे आख्खं घर आहे तिच्यात, पलंग, ओटा, छोटा फ्रिज. वर्षातले सहा महिने त्या आणि काका त्या घरातच फिरतात. काकांना साखरेचा त्रास, त्यांचं इन्सुलिन त्या फ्रिजमध्ये. फ्रिज चालतो पलंगाखालच्या बॅटरीवर, आणि गाडी कुठे मुक्कामाला लावून प्लग जोडला की ती बॅटरी भरायला एक चार्जर.

दीड वर्षात दोन बॅटऱ्या मेल्या होत्या. दोन्ही वेळा यानेच बघून नवी दिली, दोन्ही वेळा दोन मिनिटांत. दुसऱ्या वेळी तर भर उन्हात बंद गाडीत फ्रिज थांबला, इन्सुलिन खराब झालं आणि काका चार दिवस हॉस्पिटलात.

"परत गेली का?" त्याने मीटर उचलत विचारलं.

"गेली. पण तू ती बघू नकोस मिस्त्री. गाडी विकायचीय. कोणी ओळखीचं असेल तर सांग."

"विकायची? अहो, तुम्ही तर म्हणायचात मरेपर्यंत चालवीन."

मावशी पायरीवर बसल्या. "पोरगी म्हणते आई विसरायला लागलीय. दिवे चालू ठेवते, बॅटरी मारते. सोमवारी डॉक्टरकडे नेणारे, डोकं तपासायला. मी म्हटलं मी बंद करते गं दिवे. तर म्हणते, मिस्त्री कशाला खोटं बोलेल?"

त्याने मीटर खाली ठेवला. बोलला होता तो. मागच्या वेळी पोरीचा फोन आला तेव्हा हातातलं काम न सोडता, खांद्याने फोन धरून, "मावशी लाइट विसरत असतील, वय झालं ना" म्हणून. बस. तेवढंच.

"आता माझाच मला भरवसा नाही रे," मावशी म्हणाल्या. "उठते, दिवे बघते, बसते, परत उठते. बॅटरीत पाणी तर दर आठवड्याला घालत होते. का तेही मला नुसतं वाटतंय?"

"दर आठवड्याला?"

"हो. तुला सांगितलं होतं की."

सांगितलं होतं. दोनदा. त्याने "बरं बरं" म्हटलं होतं. बॅटरीचं पाणी महिना दोन महिने हलत नाही. आठवड्यात आटतं म्हणजे ती उकळतेय.

त्याने मेलेली बॅटरी काढली, शेडमधली स्वतःची अर्धी भरलेली जोडली आणि चार्जर चालू केला. मीटरवर आकडा चढत गेला आणि चौदा पॉइंट चार व्होल्टला थांबला. चोख. मागच्या दोन्ही वेळी त्याने हाच आकडा बघून मीटर खिशात टाकला होता.

या वेळी त्याने तारा काढल्या नाहीत. उलटा खोका ओढला आणि बसला.

कारण पोट भरलं की वाढणाऱ्याने हात आवरायला हवा, चार्जरचंही तसंच असतं. बॅटरी भरली की आकडा साडेतेराच्या आसपास उतरायला पाहिजे. आणि तो उतरतो का, हे दोन मिनिटांत कसं कळणार? त्याला कित्येक तास लागतात.

"काय रे दोन मिनिटं, आज दोन तास झाले की!" समोरचा पंक्चरवाला ओरडला. याने मान वर केली नाही.

दुपार झाली, आकडा तोच. चार वाजले, पाच वाजले, तोच. त्याने बॅटरीवर हात ठेवला आणि चटकन काढला. आतून बुडबुड ऐकू येत होती, आंबूस वास सुटला होता. त्याने वाकून चार्जर बघितला आणि त्याला आठवलं. हा तर त्यानेच तीन वर्षांपूर्वी बसवलेला. शेडमध्ये तासभर लावून काढून ठेवायचा असतो, तसला साधा. आवरायचं त्याला माहीतच नाही. आणि ही गाडी प्लगला आठवडे आठवडे असायची.

"मावशी," तो म्हणाला. "तुम्ही काही विसरला नाहीत. चार्जर चुकीचा आहे. मी बसवलेला. बॅटऱ्या मी मारल्या."

मावशींनी गाडीत बसलेल्या काकांकडे बघितलं.

"म्हणजे ह्यांचं हॉस्पिटल..."

"तेही माझ्यामुळे."

पुढच्या सीटवरून काका म्हणाले, "आणि ही चार दिवस माझ्या उशाशी बसून स्वतःलाच शिव्या देत होती. फुकट गेल्या गं सगळ्या."

मावशी हसल्या नाहीत. "दीड वर्ष मी स्वतःला वेडी समजत होते रे," एवढंच म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

त्याने तिथेच, त्यांच्यासमोर पोरीला फोन लावला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही तेव्हा बघितलंच नव्हतं?"

"बघितलं होतं," तो म्हणाला. "दोन मिनिटं."

मावशींनी रात्रभर फ्रिज आणि दिवे चालू ठेवून बॅटरी अर्धी केली, मुद्दाम, नवा चार्जर ती कशी भरतो ते बघता यावं म्हणून यानेच सांगितलं होतं. सकाळी तो दोन चार्जर घेऊन आला. एक मोठा, चाळीस अँपियरचा, झटपट भरणारा. दुसरा पंधराचा, सावकाश भरणारा. त्याला बॅटरीच्या जातीप्रमाणे फिरवायचं बटण होतं, बॅटरी तापली तर कळायला वायर होती आणि भरल्यावर तो आपोआप उतरायचा.

"मोठा चांगला नाही का?" काकांनी विचारलं.

"शंभर अँपियर-अवरच्या या बॅटरीला तो फार होईल. भरतो मात्र लवकर..."

"लवकर नको," मावशी म्हणाल्या. "थांबणारा दे."

पंधराचा बसवला. परत खोका, परत मीटर. पावणेचारला आकडा हलला. चौदा, मग थोडा खाली, मग साडेतेरा. तो ओरडलाच, "मावशी!"

मावशी चष्मा लावून आल्या. काकांच्या हातात फोन होता, पोरगी विचारत होती, सोमवारचं रद्द करू का. मावशींनी तिकडे बघितलं नाही. आकड्याकडे बघत राहिल्या, मग बॅटरीवर हात ठेवला. थंड.

"ऊठ तू," त्या म्हणाल्या. "आता मी बघते."

आणि त्याच्या खोक्यावर जाऊन बसल्या.