मोंबासाकाकूंचे कागद

मोंबासाकाकूंनी मोंबासा कधी पाहिलं नव्हतं, तरी लोणावळ्याची आमची अख्खी चाळ त्यांना ह्याच नावानं ओळखायची. काका लोकोशेडमध्ये फिटर होते. ते आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेच्या कामावर गेले आणि दोनेक वर्षांनी त्यांचं पत्र आलं, की आता काकूंनाही बोलावून घेतो. त्याच दिवशी चाळीनं त्यांचं बारसं उरकून टाकलं. पुढे कागद काही पुरे होईनात. काकू नळावर घागर घेऊन उभ्या राहिल्या की कुणीतरी हटकून विचारायचं, "काकू, मोंबासाहून कधी आलात?" काकू चिडायच्या नाहीत. घागर कडेवर घेत म्हणायच्या, "सकाळच्या गाडीनं आली. सांजच्याला परत जायाचंय."

त्यांची दुसरी ओळख म्हणजे टेकणं. कुठल्याही कचेरीत शिरल्या की काकू आधी भिंत शोधायच्या, तिला पाठ लावून खाली बसायच्या आणि गुडघे दाबत राहायच्या. वडगावची मामलेदार कचेरी असो की पुण्याची कलेक्टर कचेरी, बाकावर त्या कधी बसल्या नाहीत. मी लाजून म्हणायचो, काकू, लोक बघतायत. त्या म्हणायच्या, "टेकू दे वाईच. उभ्या मानसाला हे लोक हाकलत्यात. खाली बसलेलं दिसलं की त्यास्नी वाटतं, ही काय आता उठत न्हाई, हिचं काम करून टाकलेलं बरं." ह्या शास्त्राचा उपयोग झालेला मी तरी पाहिला नाही. पण सकाळपासून दुपारपर्यंत तिथं बसायचंच असेल, तर भिंत असलेली बरी, हे मात्र मला पटलं.

मी त्या वेळी मॅट्रिकला दोनदा आपटून घरी होतो. इंग्रजी वाचता येतं आणि दुसरा उद्योग नाही, ह्या दोन गुणांवर आईनं माझी काकूंच्या कागदांवर नेमणूक केली. तिसरा गुण नकलांचा. स्टेशनमास्तर, शाळेचे हेडमास्तर, खंडाळ्याच्या बंगल्यातला खेकसणारा बटलर, सगळे माझ्या गळ्यात राहायला होते. काकू मला नावानं हाक मारतच नसत, नकल्याच म्हणत. परतीच्या गाडीत माणसं गप्प झाली की म्हणायच्या, "नकल्या, आज कोन कोन भेटलं ते दाव बरं." मग मी सगळी कचेरी डब्यात उभी करायचो. त्या तोंडावर पदर धरून हसायच्या आणि मळवली यायच्या आत झोपी जायच्या.

पासपोर्टाला फोटो लागतो, म्हणून आम्ही बाजारपेठेत गेलो. काकू नथ घालून आल्या होत्या. फोटोवाल्यानं त्यांना एका खोट्या खांबाशेजारी बसवलं. मागे पडद्यावर तळं आणि तळ्यात दोन हंस. फोटो सुरेख आला आणि पुण्याहून तसाच परत आला. हंस नकोत, चेहरा मोठा हवा, दोन्ही कान दिसले पाहिजेत. परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर काढायचा म्हटल्यावर काकूंचे हातच उचलेनात. शेवटी त्यांची सासू मागे उभी राहिली आणि तिनं पदर कानांमागे धरून ठेवला. नीट पाहिलं तर त्या फोटोत काकूंच्या मानेशेजारी म्हातारीची दोन बोटं दिसतात. कचेरीत कुणी नीट पाहिलं नसावं, कारण तो फोटो चालला.

ही सासू म्हणजे काकूंची सख्खी आत्या. बापानं बहिणीच्या घरात लेक दिली होती, बेडश्याला. त्यामुळे काकू सासूला आत्याच म्हणायच्या. बेडश्याला थोरल्या सुनेशी म्हातारीचं एक दिवस जमत नसे, म्हणून ती ह्या धाकटीकडे लोणावळ्यालाच राहायची. दोघी एका ताटात जेवायच्या. काकू गेल्या की म्हातारीला बेडश्याला थोरलीच्या चुलीपाशी जावं लागणार, हे दोघींनाही माहीत होतं. त्या खोलीत हा विषय कुणी काढलेला मी ऐकला नाही.

तिकडे शिरायचा परवाना, ज्याला शिकलेले लोक व्हिसा म्हणत, तो काकांनी मोंबासाहून पाठवला. सहा महिन्यांच्या आत बोटीवर चढायचं, नाहीतर तो रद्द, आणि पुन्हा मिळेल ह्याची खात्री नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. आम्ही सगळे कागद घेऊन पुण्याला गेलो. हेडक्लार्कनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला आणि म्हणाला, "बरं, पुढे? परवाना ठकूबाईंचा आहे. पाटलाचा दाखला सगुणाबाईंचा आहे. ह्या दोघींपैकी तुम्ही कोण? आणि तुमच्या यजमानांनी नक्की कुणाला बोलावलंय?"

परतीच्या गाडीत काकूंनी त्या दिवशी नक्कलही मागितली नाही. तळेगाव गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "त्यांचं बी काय चुकलं. सगुणा त्यांच्या तोंडात कधी आलंच न्हाई."

भानगड अशी होती. काकू माहेरच्या ठकू. लग्नात आत्यानं नाव बदलून सगुणा ठेवलं, कारण घरातली थोरली सून आधीच ठकू होती आणि एका हाकेला दोघी उठल्या असत्या. गावाच्या लेखी सगुणा झाली. पण नवरा कधी बायकोचं नाव घेतो? काकांनी लग्नानंतर 'अगं, ऐकलंस का' ह्यावरच संसार केला. मोंबासाच्या साहेबानं बायकोचं नाव विचारलं, तेव्हा त्यांना आठवली ती मामाच्या अंगणात खेळणारी ठकू. त्यांनी तेच सांगितलं. चाळीला मात्र ही हकिगत फारच साधी वाटली. आठ दिवसांत अर्ध्या चाळीनं काकांना दुसरी बायको करून दिली.

पुढच्या खेपेसाठी मी काकूंची तालीम घेतली. मी हेडक्लार्क झालो, चष्मा पुसला, "बरं, पुढे?" म्हणालो, आणि काकूंनी धडाधड उत्तरं दिली. तालीम इतकी छान झाली, की खुद्द हेडक्लार्कनं पुण्यात चष्मा काढून सोग्याला लावला तशा काकू खुदकन हसल्या. आवरायला गेल्या आणि जास्तच हसल्या. त्यानं फाईल बांधली आणि म्हणाला, "बाईंना थट्टा वाटते आहे. पुढच्या महिन्यात या." सहातला एक महिना माझ्यामुळे गेला. काकू मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मीच त्यानंतर बरेच दिवस कुणाचा आवाज काढला नाही.

महिन्यानं हेडक्लार्कनं उपाय सांगितला. सासरच्या वडीलधाऱ्या माणसानं मामलेदारासमोर शपथेवर सांगायचं, की ठकू आणि सगुणा ही एकच बाई. काकूंचे सासरे वारले होते. थोरला दीर यायला तयार नव्हता. म्हातारी आपल्या घरी येणार, हा हिशेब त्याच्या बायकोनं आधीच मांडला होता. उरली आत्या.

मी म्हटलं, मग विचारा ना त्यांना. काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं. "तिला कसं इचारू रं? तुला टाकून जायाचंय, तर अंगठा दे म्हनू?" आणि त्यांनी कागद फडक्यात बांधून फडताळात ठेवून दिले. पंधरा दिवस ते तिथंच राहिले. काकू भाकऱ्या थापत होत्या, पाणी भरत होत्या, परवान्याचे दिवस संपत होते. मोंबासाहून कधी आलात, हे विचारायचा चाळीलाही कंटाळा आला.

एका सकाळी म्हातारी धुतलेलं लुगडं नेसून आमच्या दारात उभी. हातात ते फडकं. म्हणाली, "चल रं. वडगावला गाडी कवा हाय?" आमच्या आणि काकूंच्या खोलीमधली भिंत एका विटेची, मी आईला काय काय सांगत होतो ते सगळं पलीकडे जात होतं. काकू मागे धावत आल्या, आत्या नको, आत्या राहू दे, म्हणत राहिल्या. म्हातारी चालत राहिली.

वडगावला अव्वल कारकुनानं तिला विचारलं, दोन नावांपैकी खरं कुठलं. म्हातारीला प्रश्नच बावळट वाटला. "दोन्ही खरी. पयल्या नावानं घरात आनली, दुसऱ्या नावानं राबवली. बाई येकच हाय." कारकुनानं लेखणी थांबवली. तुम्ही तिला पाठवायला राजी आहात का, हा प्रश्न कागदात नव्हता, तरी त्यानं विचारला. म्हातारी म्हणाली, "ते लिवायचं हाय का? मग लिवा, राजी हाय." आणि अंगठा पुढे केला. काकू भिंतीशी बसून होत्या. त्यांनी तोंड गुडघ्यांत घातलं होतं.

पासपोर्ट आला तेव्हा परवान्याचे बारा दिवस उरले होते. काकूंचा भाऊ त्यांना मुंबईला आगबोटीवर घालणार होता. स्टेशनवर निम्मी चाळ आली होती. काकूंनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता काहीतरी आशीर्वाद वगैरे देतील. त्या म्हणाल्या, "कामशेतपास्नं बैलगाडी करशील, तवा आत्याला म्होरं बसव. मागं बसली का तिला गरगरतं. आन् थोरलीला सांग, तिला भाकरी चावत न्हाई, दुधात कुस्करून दे. मी सांगितलं म्हनू नको." मग त्या आत्याच्या पाया पडल्या. म्हातारीनं डोक्यावर हात ठेवला तो गाडीची शिट्टी होईपर्यंत काढलाच नाही.

मी आत्याला पुढे बसवून बेडश्याला पोचवलं. थोरलीला दुधाचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

मोंबासाहून पहिलं पत्र यायला बरेच महिने लागले. अक्षर काकांचं, बोलणं काकूंचं. घराला पत्रा आहे, मक्याचं पीठ मिळतं, उकाडा फार आहे. आणि शेवटी, आत्यासाठी आम्ही परवाना मागतो आहोत, नकल्यानं तिकडे तिच्या पासपोर्टाचं सुरू करावं.

मी पत्र घेऊन बेडश्याला गेलो. आत्या दारात पावटा निवडत होती. तिनं पत्र दोनदा वाचून घेतलं. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "मी न्हाई जायाची. पान्यात मरायचं का ह्या वयात?"

मी म्हटलं, बरं, तसं कळवतो.

"कळवू नगं. तू अर्ज दे. माजा फोटू काढ. कागूद अडलाय म्हनून लिव दर येळंला. तिला वाटू दे, म्हातारी निगालीय."

पुढच्याच आठवड्यात मी पुण्याला गेलो. हेडक्लार्कनं मला ओळखलं. चष्मा काढला, पुसला, आणि आता कुणाचे कागद, म्हणून विचारलं. मी आत्याचा अर्ज पुढे केला. त्यानं तो वरपासून खालपर्यंत पाहिला, ह्यात चार तरी गोष्टी कमी आहेत, म्हणाला. आणि मी काही बोलायच्या आधीच विचारलं, "घाई आहे का?"

मी म्हटलं, "नाही साहेब. जितका वेळ लागेल तितका लागू द्या."