नवरदेवाचं हेलिकॉप्टर

दारव्ह्यातला आमचा लग्नांचं शूटिंग करणारा ड्रोनवाला आखडू वाटतो. ड्रोन वर असला की त्याचा एक कान आभाळाकडे असतो आणि बोलायला येणाऱ्याला तो हातानंच गप्प करतो.

माझ्या चुलतबहिणीचा नवरदेव हेलिकॉप्टरनं आला. घरघर ऐकताच ड्रोनवाल्यानं ड्रोन खाली उतरवला.

"अबे, उडव नं. याच्यासाठीच तं तुले बोलावलं," नवरदेवाचा मामा खेकसला.

"पंख्यात गेला तं आतले सारे मरतीन, मामाजी."

हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं. नवरदेवानं आधी विचारलं, "माहा व्हिडिओ काढला का?" नाही म्हटल्यावर मामानं याला भर मांडवातून हाकललं.

ड्रोनची पेटी बंद करताना तो मला म्हणाला, "नवरदेव जिता हाय म्हणून तं मामा भांडून राह्यला, भाऊ."

आता आमच्या नात्यात दुसरा ड्रोनवाला येतो. हेलिकॉप्टर डोक्यावर आलं तरी तो उडवतच राहतो. आमचे शिकलेले पाहुणेही त्याला हुशार म्हणतात.