धवलारीण आत्या आणि तिची देवी

आत्या गाता गाता मध्येच थांबायची. ओठ नुसते पुटपुटायचे, बोटं पदराशी चाळा करायची, हाक मारली तरी ओ नाही. देवी आली म्हणून मांडवातल्या बाया तिच्या पायांवर पडायच्या. क्षणात आत्या भानावर येऊन विचारायची, "कुटवर आलती गं मी?"

उरणकडच्या आमच्या मिठागरांच्या गावाची ती धवलारीण. आगरी लग्नात धवला गाऊन लग्न लावणारी बाई. गाणं हाच तिचा जीव.

मी तेव्हा अपस्माराची पत्रकं वाटायचे. फिट आलेल्याच्या नाकाला चप्पल लावणाऱ्या शहाण्यांशी भांडायचे. लोक पत्रकात भजी बांधून न्यायचे. आत्याने मात्र मला बसवून ते वाचून घेतलं. हातपाय न झाडता, नुसतं हरवल्यासारखं होणं हीसुद्धा फिटच, हे ऐकल्यावर ती पोट धरून हसली. "म्हंजे येवढी वरसं मी फुकटची देवी व्हय?"

डॉक्टरांनी तपासण्या करून गोळी सुरू केली. रोज घ्यायची, मनाने बंद करायची नाही, असं बजावलं. हळूहळू ते हरवणं थांबलं. आणि आमंत्रणंही थांबली! देवीनं हिला टाकली म्हणे. जिच्या आजाराच्या पाया पडत होते, ती बरी झाली तर यांना नको! मी चिडले, तर आत्या म्हणाली, "देवी असती तं गानं आयकत बसली असती. मधीच बंद कशाला पाडील?"

एका लग्नात दुसरी धवलारीण आजारी पडली, म्हणून नाइलाजाने आत्याला बोलावलं. लग्न लागेपर्यंत तिचा उपास. तिने भर मांडवात गोळी काढली. नवऱ्यामुलाचा काका ओरडला, "उपास मोडला!"

"उपास पोटाचा हाय रे, डोक्याचा न्हाय. पानी आन," म्हणत तिने गोळी गिळली.

मग कुठेही न थांबता तिने अख्खा धवला गायला. एक म्हातारी कुरकुरली, "आज काय मजा न्हाय आली." पण पाठवणीच्या गडबडीत नवरीने आत्याला कोपऱ्यात गाठलं. "आत्या, मी पन अशीच थांबतंय. आय भगताकडं नेतं. तुजा डाक्तर कुटं बसतं?"

गेल्या वर्षी आत्या गेली. म्हातारपणाने, झोपेत. आता तिच्याकडून शिकलेली तीच नवरी धवले गाते. मांडवात उभी राहिली की आधी गोळी काढते आणि जो काका डोळे वटारेल, त्यालाच पाणी आणायला पिटाळते.